मनाचा आजार आणि घराची अब्रू

शरीरास आजार जडला म्हणजे घराचें दार उघडें राहतें. मनास जडला म्हणजे तें लावून घेतलें जातें. एखाद्या घरीं विषमज्वराचा रोगी असला तर आळींतलीं माणसें समाचारास येतात, कोणी पेज धाडतें, कोणी रात्रीं उशाशीं बसतें, आणि रोगी उठून बसला म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद घरोघर जातो. परंतु त्याच घरांतील वीस वर्षांचा मुलगा रात्ररात्र जागूं लागला, जवळ कोणी नसतां कोणाशीं तरी बोलूं लागला, आईनें वाढलेल्या अन्नांत विष कालवलें आहे असें म्हणून ताट दूर सारूं लागला, तर वडील माणसें डॉक्टरास बोलावण्यापूर्वीं खिडक्या लावतात. वस्तुतः दोन्ही आजारच. एकाबद्दल दया आणि दुसऱ्याबद्दल लाज, हा भेद रोगाच्या ठिकाणीं नाहीं. तो आपल्या ठिकाणीं आहे. या भेदाचें मूळ काय, त्यापायीं आपल्या घरांचें केवढें नुकसान होतें, आणि तो मोडण्यास सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आम्ही बीड जिल्ह्यांतले. आमच्या जिल्ह्यांत परळीस श्रीवैजनाथाचें स्थान आहे. वैद्यांचा नाथ तो वैद्यनाथ. समुद्रमंथनांतून निघालेलें अमृत व धन्वंतरि या लिंगांत गुप्त करून ठेविले, अशी तेथील स्थलकथा आहे. ज्या भूमीचें दैवतच वैद्यांचें, तेथें तरी आजार लपविण्याची पाळी माणसावर येऊं नये. परंतु मुलें शिकविण्यांत आमचीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं, आणि या अवधींत चांगले हुशार विद्यार्थी सतराव्या-अठराव्या वर्षीं एकाएकीं वर्गांतून नाहींसे झालेले आम्हीं पाहिले आहेत. चौकशी केली म्हणजे उत्तर ठरलेलें असे: "तो मामाकडे असतो," किंवा "त्याला अभ्यासाचा ताण सोसला नाहीं." याहून अधिक कोणी बोलत नसे व आपणहि विचारूं नये असा संकेत असे.

एका घराची हकीकत

आमच्या माहितीचें एक घर आहे. गांवाचें वा माणसांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. घर अकरा माणसांचें, जुन्या वळणाचें व खाऊन पिऊन सुखी. मधला मुलगा संस्कृतांत वर्गांत नेहमीं पहिला. 'रघुवंशा'चे दोन सर्ग त्यास मुखोद्गत होते. पुढील शिक्षणासाठीं तो परगांवीं गेला आणि एकोणिसाव्या वर्षीं, सत्र संपण्यापूर्वींच, परत आला. पंख्याच्या आवाजांतून आपणांस शिव्या ऐकूं येतात, रस्त्यानें जाणारे लोक आपल्याच मनांतले विचार मोठ्यानें बोलतात, असें तो सांगूं लागला. घरांत त्याच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. आजोबांनीं निकाल दिला कीं, मुलींचीं लग्नें होईपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जातां कामा नये. मुलगा पुण्यास नोकरीस आहे असें बाहेर सांगण्यांत आलें, आणि तो माळवदावरच्या खोलींत राहूं लागला.

मध्यंतरीं उपाय झाले नाहींत असें नाहीं. अंगारे झाले, गंडेदोरे झाले, एक खर्चाचें अनुष्ठान झालें. झालें नाहीं तें एकच: डॉक्टरास दाखविणें. कारण डॉक्टर म्हटला म्हणजे मोटारींतून तालुक्यास न्यावें लागणार, आणि मोटारस्टँडावर कोणी ओळखीचें भेटणार. अशीं सहा वर्षें गेलीं. धाकट्या बहिणीचें लग्न झाल्यावर आईनें मात्र हट्ट धरला. औषध सुरू झालें आणि तीन-चार महिन्यांत तो मुलगा खालीं येऊन पंक्तीस बसूं लागला. आज तो भावाच्या दुकानाचें हिशेबाचें काम नीट सांभाळतो आणि पुतण्यांना शब्द चालवून दाखवितो. पण कॉलेज तें गेलेंच. "याला पहिल्या वर्षींच आणला असता तर?" हा प्रश्न डॉक्टरांनीं विचारला नाहीं, आईनेंच विचारला. डॉक्टरांनीं तिला खोटा धीर दिला नाहीं. आजार जितका काळ उपचारावांचून राहतो तितकी भरपाई कमी होते, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें.

या गोष्टीचें शेपूट तर अधिकच विचार करण्याजोगें आहे. पुढें थोरल्या मुलीच्या सासरीं ही बातमी कळली. आतां काय होतें या धास्तीनें आईबाप व्याह्यांकडे गेले. विहीणबाईंनीं सर्व ऐकून घेतलें आणि हळूच म्हणाल्या, "अहो, आमचे धाकटे भाऊजी असेच होते. आम्हीहि तुम्हांला कुठें सांगितलं?" दोन्ही घरें एकमेकांपासून एकच दुःख लपवीत होतीं, आणि त्या लपवालपवींत एका मुलाचीं सहा वर्षें व एका वृद्ध गृहस्थाचें सबंध आयुष्य गेलें.

हीं दोनच घरें अशीं असतील असें कोणीं समजूं नये. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील बारा राज्यांत पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, दर शंभर प्रौढांपैकीं सुमारें दोघांस आयुष्यांत केव्हां तरी तीव्र मानसिक आजार होतो. आणि असा आजार चालू असलेल्या चारांपैकीं सुमारें तिघांस उपचार मिळत नसतो. तीन हजार प्रौढ वस्तीचें गांव धरलें तर हा आंकडा साठांवर जातो. साठ माणसें गांवांत असून दिसत मात्र दोन किंवा तीन, तीं देखील रस्त्यावर. बाकीचीं कोठें आहेत याचें उत्तर प्रत्येकानें आपापल्या आळींत शोधावें.

प्राचीनांचें मत

आपल्या घरांतून एक समजूत अशी असते कीं, भूतबाधा, पूर्वजांचा कोप किंवा देवाचा क्षोभ हीं कारणें शास्त्रास संमत आहेत. ज्यांस शास्त्र प्रमाण आहे त्यांनीं चरकसंहिता अवश्य पाहावी. तींत उन्मादाचें निदान व चिकित्सा यांस स्वतंत्र अध्याय दिले आहेत. मन, बुद्धि, स्मृति, शील, आचार इत्यादि आठ ठिकाणीं होणारा विभ्रम म्हणजे उन्माद, असें त्याचें लक्षण सांगितलें आहे. आगंतु उन्मादाच्या वर्णनांत देव, गंधर्व, पिशाच यांचे उल्लेख आहेत, हें खरें. परंतु निदानस्थानांतच आचार्य असेंहि बजावतात कीं, देव वा पिशाच हे आपण होऊन कोणा मनुष्यास क्लेश देत नाहींत, आणि म्हणून रोग्यानें त्यांस दोष देऊं नये. इतक्या प्राचीन काळीं हें वाक्य लिहिलें गेलें, ही अभिमानाची गोष्ट आहे.

मात्र अभिमानाच्या भरांत ग्रंथाची दुसरी बाजू झांकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याच ग्रंथांत रोगाचें खापर रोग्याच्या प्रज्ञापराधावर फोडलेलें आहे, आणि चिकित्सेंत रोग्यास बांधणें, धाक घालणें, दांत काढलेल्या सर्पानें भिवविणें असे उपायहि सांगितलेले आहेत. त्या काळीं जगांत सर्वत्रच असें चालत असे. आज ज्ञान वाढलें आहे, तेव्हां पूर्वजांची जिज्ञासा घ्यावी व सर्प सोडून द्यावा.

या जिज्ञासेचें एक फळ तर सर्व जगास मिळालें. आपल्या वैद्यकांत उन्मादावर सर्पगंधा नांवाची वनस्पति वापरीत असत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड व रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणाविषयीं निबंध प्रसिद्ध केला. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तुम वकील यांनीं रक्तदाबावरील तिचा उपयोग विलायतेच्या वैद्यकीय मासिकांत मांडला. पुढें १९५२ सालीं तिच्यांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि कांहीं काळ अमेरिकेंतील मनोरुग्णालयांतून तें दिलें जात असे. आज त्याहून चांगलीं औषधें असल्यामुळें मनोविकारावर तें मागें पडलें आहे. तरी मनाच्या रोगास मुळीपाल्याचें औषध असूं शकतें, म्हणजेच तो इतर रोगांसारखा रोग आहे, हा विचार आपल्या परंपरेस परका नाहीं, एवढें यावरून दिसेल.

आजार कसा, उपचार कोणता

ज्यास लोक सरसकट वेड म्हणतात त्यांत अनेक निरनिराळे आजार आहेत. त्यांतील दोन प्रमुख. एक छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया: यांत रोग्यास नसलेले आवाज ऐकूं येतात, कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे असा पक्का ग्रह होतो, आणि हळूहळू उत्साह मावळून तो एकलकोंडा होतो. दुसरा उन्माद व विषण्णता यांचे आळीपाळीनें झटके येणारा आजार: कांहीं आठवडे माणूस झोपेवांचून उधळल्यासारखा वागतो, पैसा उडवितो, बोलणें आवरत नाहीं, आणि कांहीं काळानें तोच माणूस अंथरुणांतून उठत नाहीं. दोन्ही आजार बहुधा ऐन तारुण्यांत, पंधरा ते तीस या वयांत, प्रथम दिसतात. मुलगा आळशी झाला, शेफारला, मुलगी हट्टी झाली, असें समजून पहिलीं महत्त्वाचीं वर्षें रागें भरण्यांत जातात, त्याचें कारण हेंच.

औषधांचा इतिहास फार जुना नाहीं. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. जॉन केड यांनीं लिथियम या क्षाराचा उन्मादावरील गुण दाखविला. १९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझिन हें औषध छिन्नमनस्कतेवर लागू पडलेलें दिसलें. त्यापूर्वीं भिंती, कुलपें व साखळ्या हाच पुष्कळ ठिकाणीं उपचार होता. आपल्या प्रांतांतील जुनीं चार मनोरुग्णालयें नागपूर, रत्नागिरी, ठाणें व येरवडा येथें त्या काळांतच उभीं राहिलीं, आणि "ठाण्यास पाठवा", "येरवड्यास पाठवा" ही थट्टा तेव्हांपासून आपल्या जिभेवर बसली. आज बहुतेक रोग्यांस रुग्णालयांत राहावेंच लागत नाहीं; राहावें लागलें तरी कांहीं आठवडे पुरतात.

औषधांस दोष नाहींत असें नाहीं. हात कांपणें, अंग जड होणें, झोंप येणें, वजन वाढणें हे त्रास होतात, व तसें झाल्यास मात्रा किंवा औषध बदलून घ्यावें लागतें. पण "आतां बरा झाला, गोळ्या कशाला?" असें म्हणून आपल्या मनानें औषध बंद करणें हा आपल्या घरांतील सर्वांत मोठा घात होय. मधुमेहाच्या रोग्यास ज्याप्रमाणें साखर उतरली म्हणून आपण औषध सोडूं देत नाहीं, त्याप्रमाणेंच हेंहि. विजेच्या उपचाराबद्दलहि लोकांत फार भय आहे. चित्रपटांतून दिसतो तसा तो आतां देत नाहींत; कायद्यानेंच भूल व स्नायु शिथिल करणारें औषध दिल्यावांचून तो करतां येत नाहीं.

रोगी अंगावर येईल, हें दुसरें भय. असे रोगी क्वचित् आढळतात, व तेहि बहुधा उपचारावांचून राहिलेले किंवा दारूच्या आहारीं गेलेले. पुष्कळ अधिक रोगी मारणारे नसून मार खाणारे असतात. दगड मारणारीं पोरें शाळेच्या मधल्या सुटींत आम्हींहि पाहिलीं आहेत. दगड फेंकणारांस वेडे कोणी म्हणत नाहीं.

लग्नाचा प्रश्न

लपवालपवीच्या मुळाशीं खरा प्रश्न आहे लग्नाचा. रक्तांत वेड आहे असें एकदां लोकांच्या तोंडीं झालें कीं, घरांतील दहा मुलांमुलींचीं स्थळें अडतात, ही भीति खोटी नाहीं. म्हणून या भीतीस आंकड्यांनीं उत्तर दिलें पाहिजे. छिन्नमनस्कता सर्वसाधारण लोकांत शंभरीं सुमारें एकास होते. आईबापांपैकीं एकास ती असेल तर मुलास होण्याचा संभव शंभरीं सुमारें दहा. म्हणजे नव्वद मुलें त्यापासून मुक्त राहतात. अगदीं एकसारख्या जुळ्या भावंडांत, ज्यांचें रक्त सर्वस्वीं एकच, एकास आजार झाला तरी दुसऱ्यास होतोच असें नाहीं. सारांश, अनुवंश हें एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे. ज्या घरांत मधुमेह व हृद्रोग चार पिढ्या चालत आले तेथें आपण बिनदिक्कत मुली देतों. मग हिशेब करावयाचा तर सगळ्याच रोगांचा करावा.

याच्या उलट एक दोष मात्र अक्षम्य आहे: "लग्न केलें म्हणजे डोकें ठिकाणावर येईल" असें म्हणून आजारी मुलाचें लग्न मुलीकडच्यांस अंधारांत ठेवून लावणें. लग्न हें औषध नव्हे आणि परक्याची मुलगी ही शुश्रूषेसाठीं विकत घेतलेली परिचारिका नव्हे. उपचार घेऊन स्थिर झालेल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांचे संसार नीट चाललेले आहेत. पण ते सांगून केलेले संसार होत. आणि हाच न्याय सुनेस लावावा. मुलास आजार झाला तर सासर त्याला सांभाळतें. सुनेस झाला तर एक ट्रंक देऊन तिला माहेरीं पोंचविलें जातें, हें चित्र आपल्या पांढरपेशा समाजांत नवें नाहीं. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला आहे कीं, आजाराचें केवळ नांव घटस्फोटास पुरेसें नाहीं. तो इतका तीव्र आहे काय कीं सहजीवन अशक्य व्हावें, हें पाहिलें पाहिजे. न्यायालयास जें कळलें तें सासूसासऱ्यांस कळावयास हरकत नाहीं.

धर्मशास्त्र आणि कायदा

एकत्र कुटुंबांत वांटणीचा प्रश्न येतोच. मनुस्मृतींत उन्मत्तास दायभाग नाकारला आहे, हें सर्वश्रुत आहे, आणि आजारी भावाचा हिस्सा गिळूं पाहणारे लोक तेवढेंच वचन सांगतात. त्याच्या पुढचें वचन कोणी सांगत नाहीं. यथाशक्ति अन्नवस्त्र त्यास आमरण दिलेंच पाहिजे, न देणारा पतित होय, असें स्मृतिकारच म्हणतात. पुढें इंग्रजी मुलखांत १९२८ सालच्या कायद्यानें जन्मतः वेडा असेल त्याखेरीज इतरांस वारसा परत मिळाला. आमचा जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. अखेर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें, कोणत्याहि रोगामुळें वा व्यंगामुळें वारसाहक्क जात नाहीं, असें निःसंदिग्ध ठरविलें. तेव्हां आजारी भावाची सही घेऊन त्यास वाड्यांतून बाहेर काढणें हें पापहि आहे व बेकायदाहि आहे.

उपचाराविषयींचा कायदाहि असाच पायरीपायरीनें सुधारला. १९१२ सालच्या कायद्याचें नांवच वेडेपणाचा कायदा असें होतें आणि त्याची दृष्टि मुख्यतः कोंडण्याची होती. १९८७ सालीं तो बदलला, व २०१७ सालीं संमत होऊन २०१८ पासून अमलांत आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा त्याहून पुष्कळ पुढें गेला. उपचार मिळणें हा रोग्याचा हक्क आहे. त्याची माहिती गुप्त राखली पाहिजे. आपणांस कोणता उपचार हवा वा नको हें तो बरा असतांना लिहून ठेवूं शकतो. विमाकंपन्यांनीं शरीराच्या आजाराप्रमाणेंच मनाच्या आजारासहि विम्याची सोय केली पाहिजे. आणि कोणत्याहि प्रकारें रोग्यास साखळीनें बांधतां येत नाहीं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें धरून चालावें, त्यास शिक्षा करूं नये, हेंहि याच कायद्यानें सांगितलें.

साखळीचा उल्लेख कायद्यांत कां आला, हें समजावयास एक प्रसंग पुरे आहे. तामिळनाडूंत एरवाडी येथें एका दर्ग्याच्या आसमंतांत मनोरुग्णांना बांधून ठेवणाऱ्या झोंपड्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे त्यांतील एकीस आग लागली. पायांत साखळ्या होत्या, पळतां येईना. अठ्ठावीस माणसें जळून मेलीं. श्रद्धेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. रोग्यासाठीं कोणीं अभिषेक करावा, नामस्मरण करावें, त्यानें घरच्यांच्या मनास बळ येतें. परंतु अंगांतलें भूत काढतों म्हणून मारणें, मिरच्यांची धुरी देणें, बांधून घालणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. औषधाची जागा देवपूजेनें घेऊं नये. दोन्ही एका घरांत सुखानें नांदूं शकतात.

एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य

येथवर आम्हीं आपल्या घरांचे दोष सांगितले. आतां त्यांचें सामर्थ्यहि सांगितलें पाहिजे, कारण या बाबतींत तें थोडें नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनीं रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातेवाइकांस तेथेंच राहावयास बोलाविलें. आई जवळ बसून भरवी, भाऊ फिरावयास नेई. रोगी लौकर सुधारत आणि घरच्यांचें भयहि जाई. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें नऊ देशांतील केंद्रांत छिन्नमनस्कतेचा अभ्यास केला. त्यांत आपल्याकडील आग्रा हें एक केंद्र होतें, आणि लंडन-वॉशिंग्टनपेक्षां आग्र्याकडील रोगी अधिक प्रमाणांत सुधारलेले आढळले. या निष्कर्षावर विद्वानांत पुढें वाद झाले. तथापि १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या चंदिगडच्या अभ्यासानें एक सूत्र हातीं दिलें. ज्या घरांत रोग्यास सतत टोंचून बोलतात, त्याचा तिटकारा करतात, किंवा काळजीनें त्याचा श्वास कोंडतात, त्या घरांत आजार लौकर उलटतो, असें लंडनमध्यें आधींच दिसून आलें होतें. चंदिगडच्या घरांत हें टोंचणें लंडनपेक्षां कमी आढळलें.

म्हणजे अकरा माणसांचें घर हें या रोग्यास वरदान होऊं शकतें: कोणी तरी औषधाची आठवण ठेवतें, कोणी तरी बाजारास बरोबर नेतें, सारा भार एकट्या आईवर पडत नाहीं. परंतु तींच अकरा माणसें अकरा जिभांनीं टोंचूं लागलीं तर तेंच घर तुरुंग होतें. बेल्जममध्यें गेल नांवाचें एक गांव आहे. तेथील साधीं कुटुंबें कित्येक शतकें परक्या मनोरुग्णांस आपल्या घरांत ठेवून घेत आलीं आहेत. परक्याचा रोगी जेथें लोक पंक्तीस घेतात, तेथें आपल्या पोटच्या मुलास आपण माळवदावर ठेवावें काय?

उघडपणें बोलण्यानें काय होतें याचें उदाहरण आपल्याच माणसांत आहे. मूळचे धुळ्याकडील डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडांत कॅलगरी विद्यापीठांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी कमलिनीबाई यांस छिन्नमनस्कतेचा आजार जडला. प्रतिष्ठित प्राध्यापकास ती गोष्ट झांकून ठेवणें अवघड नव्हतें. त्यांनीं ती सांगितली, आणि १९९७ सालीं पुण्यांत या आजाराविषयीं जागृति करणारी संस्था काढली, जींत रोगी व त्यांचे नातेवाईक एकत्र बसून एकमेकांस आधार देऊं लागले. त्यांच्याच प्रयत्नानें २००४ सालीं 'देवराई' हा मराठी चित्रपट निघाला. आजारी भाऊ व त्यास समजून घेणारी बहीण यांची ती कथा पाहून, "आमच्या घरींहि असेंच आहे" असें म्हणण्याचें धैर्य पुष्कळांस आलें. ज्यांस घरच उरलें नाहीं अशांसाठीं डॉ. भरत वाटवानी यांनीं कर्जत येथें कार्य केलें. रस्त्यावर भटकणाऱ्या हजारों रोग्यांना बरें करून त्यांनीं त्यांच्या गांवीं पोंचविलें, व त्याबद्दल २०१८ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. बसस्थानकावरचा तो जटा वाढलेला मनुष्य कोणाचा तरी मुलगा आहे, हें त्यांच्या कार्यानें सिद्ध केलें.

आतां करावयाचें काय

प्रथम शब्द सुधारावे. जपानांत या आजाराचें जुनें नांव 'मन दुभंगल्याचा रोग' अशा अर्थाचें होतें. रोग्यांच्या नातलगांनीं आग्रह धरल्यावरून २००२ सालीं तेथील वैद्यांनीं तें बदललें. आपल्याकडे महारोगी हा शब्द जाऊन कुष्ठरोगी आला, त्याबरोबर दृष्टिहि पालटली. वरोड्यास बाबा आमट्यांनीं केलेल्या कार्याचें त्यांत मोठें श्रेय आहे. घरांतल्या मुलांसमोर 'येड्या', 'खुळ्या', 'डोक्यावर परिणाम झालेला' हे शब्द थट्टेनेंहि वापरूं नयेत.

दुसरें, लौकर दाखवावें. महिनाभर झोंप, जेवण, बोलणें, अभ्यास यांत उघड फरक पडला तर थांबूं नये. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आंखला गेला आणि १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्यास आरंभ झाला. वर सांगितलेल्या जुन्या चार मनोरुग्णालयांपैकीं एकहि मराठवाड्यांत नाहीं. पण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्याच तालुक्यांत लोखंडी सावरगांव येथें वृद्ध व मानसिक रुग्ण यांसाठीं केंद्र बांधण्यांत आलें आहे. २०२० च्या साथींत तीच वास्तु कोविडरुग्णांच्या उपयोगीं पडली. घरांतून बाहेर पडणें अवघड वाटत असेल त्यांनीं १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. बोलणें मराठींतून होतें व पैसा पडत नाहीं.

तिसरें, आपल्या घरीं कामास येणाऱ्यांकडे लक्ष द्यावें. आमच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर लाखों माणसें ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. अशा घरांत कोणास हा आजार असला तर पांच-सहा महिने औषध तुटतें, किंवा रोगी म्हाताऱ्या आईच्या हवालीं गांवींच राहतो. चार महिन्यांचें औषध आधीं मिळवून देणें, त्या म्हातारीस दवाखान्याचा कागद वाचून दाखविणें, हें शिकलेल्या माणसास अवघड नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं जो जिल्हा पोळला आहे, त्यांत मनाच्या आजाराची चौकशी करणें हा रिकामपणाचा उद्योग समजूं नये.

चौथें आणि शेवटचें. ज्या घरांत असा आजार आहे त्या घरच्यांनीं एका तरी जवळच्या माणसास विश्वासांत घ्यावें, आणि ज्यास सांगितलें जाईल त्यानें "अरेरे" म्हणून उठून जाऊं नये. पुढच्या वेळीं दवाखान्यांत बरोबर कोण येणार, तें विचारावें. मंगलकार्याच्या याद्या करतांना त्या मुलाचें किंवा त्या सुनेचें नांव वगळूं नये. गर्दीचा त्रास होत असेल तर लौकर जेवावयास वाढावें. घराची अब्रू घरांत आजार नसण्यानें राहत नाहीं, कारण आजार कोणत्या घरीं नाहीं? आजारी माणसास घरानें कसें वागविलें, यावर ती राहते.